बदली पेट्रोल टाकी बसवल्यावर येणाऱ्या तक्रारी: चुकीचा काटा, बंद पडणारं इंजिन, गळती

जुन्या गाडीची गंजलेली टाकी काढून नवी बसवली की बऱ्याचदा थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. काटा भलतंच दाखवतो, वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर इंजिन दम टाकतं, टाकी पूर्ण भरली की डिकीत वास येतो. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, पंप बदलला जातो, कॉइलवर संशय घेतला जातो. दोष मात्र बहुधा मागेच असतो. पेट्रोल साठवण्याखेरीज टाकी आणखी तीन कामं करते: सेंडरला (पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाला) अर्थ, म्हणजे चासीकडे वीज परत जायची वाट पुरवते, जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत घेते आणि पिकअप पाइपचं (पंपाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीचं) तोंड तळापासून ठरावीक उंचीवर धरून ठेवते. बाहेरून हुबेहूब दिसणारी बदली टाकी नेमकी या तीन ठिकाणी वेगळी निघते.

म्हणून पहिली गोष्ट: जुनी टाकी भंगारात देऊ नका. कितीही सडलेली असली तरी मापं घेण्यासाठी ती लागते. सेंडरच्या तोंडापासून तळापर्यंतची खोली, आतले बॅफल (पेट्रोल हिंदकळू न देणारे आडवे पत्रे) कुठे आहेत, हवेच्या नळ्या किती आणि कोणत्या कोपऱ्यात आहेत, भरण्याच्या नळीचा कोन आणि बाहेरचा व्यास, पिकअप पाइपचा व्यास, ड्रेन प्लगचे आटे कोणते, हे सगळं लिहून ठेवा आणि नवी टाकी शेजारी ठेवून एकेक माप पडताळा. ही तपासणी नव्या टाकीत पेट्रोलचा थेंबही जाण्याआधी व्हायला हवी. एकदा पेट्रोल पडलं की टाकी परत घ्यायला विक्रेते सहसा तयार होत नाहीत, आणि तिच्यावर वेल्डिंग करणंही धोक्याचं होतं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेट घेते. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक ठरते ती यामुळेच. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गरम होणारा बल्ब जवळ ठेवू नका.

काटा चुकीचं दाखवतो

सेंडरच्या आर्मला (दांडीला) तरंगणारा फ्लोट असतो. पातळीबरोबर तो वरखाली होतो, तसा सेंडरचा विद्युत रोध बदलतो आणि मीटर तो वाचतो. आधी आपल्या गाडीचा मीटर कोणत्या रोधाच्या सेंडरवर चालतो ते ठरवा. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण नव्या टाकीसोबत येणारा सेंडर बऱ्याचदा 'सगळ्या गाड्यांना चालतो' या प्रकारातला असतो. नेहमी भेटणारे पट्टे असे:

१९६५ नंतरच्या जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्या: रिकामी ०, भरलेली ९० ओहम.
१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक अमेरिकन फोर्ड: रिकामी सुमारे ७३, भरलेली सुमारे १० ओहम.
व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या कंपनीचा नेहमीचा पट्टा: रिकामी १०, भरलेली १८० ओहम.
सगळीकडे खपणारा बाजारी सेंडर: रिकामी २४०, अर्धी सुमारे १०३, भरलेली ३३ ओहम.

समजा ७३-१० च्या मीटरला २४०-३३ चा सेंडर जोडला. टाकी काठोकाठ भरली तरी रोध ३३ ओहमच्या खाली येत नाही, म्हणून काटा अर्ध्याच्या आसपास अडकतो. टाकी अर्धी असताना रोध १०३ ओहम, म्हणजे मीटरच्या मते टाकी केव्हाच संपलेली. अशा वेळी आर्म वाकवून काही साधत नाही. सेंडर बदला, नाहीतर रोध जुळवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट मधे बसवा. जुना सेंडर मोजल्यावर बरोबर भरत असेल तर साफ करून तोच नव्या टाकीत घालणं सगळ्यात चांगलं.

सेंडर बाहेर काढून तपासा. मल्टिमीटरचं एक टोक त्याच्या टर्मिनलला, दुसरं फ्लँजला (टाकीवर स्क्रूने बसणाऱ्या त्याच्या चपट्या तबकडीला) लावा आणि आर्म अगदी सावकाश वर न्या. आकडा न अडखळता बदलत गेला पाहिजे. मधेच अनंत दाखवलं तर आतली वायर तिथे झिजली आहे किंवा घासणारा ब्रश उचलला जातो आहे. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला सूक्ष्म छिद्र आहे. असा फ्लोट गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुड्यांची बारीक रांग निघते.

रोध बरोबर असूनही काटा चुकत असेल तर पुढचा संशय अर्थवर. जुन्या टाकीचा उघडा पत्रा पट्ट्यांना आणि बोल्टना चिकटलेला असायचा, त्यामुळे अर्थ आपोआप मिळायचा. नव्या टाकीला रंग असतो, पट्ट्याखाली नवं रबर असतं, सेंडरखाली रबरी गॅस्केट असतं. म्हणजे सेंडर चारी बाजूंनी तुटलेला. मीटरला फक्त रोध कळतो, त्यामुळे अर्थच्या वाटेतला प्रत्येक ओहम त्याच्या हिशोबात मिळतो. पेट्रोलबरोबर रोध वाढणाऱ्या सेंडरमध्ये, म्हणजे ०-९० किंवा १०-१८० मध्ये, कच्च्या अर्थमुळे काटा जास्त दाखवतो. रोध घटणाऱ्या प्रकारात तो कमी दाखवतो. टाकी अर्धी असताना 'पूर्ण' दाखवणारा मीटर घातक असतो, कारण मालक निश्चिंतपणे लांबच्या रस्त्याला लागतो.

तपासायचं असं: इग्निशन चालू करून सेंडरचा फ्लँज आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांमधला व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थ कच्चा आहे. (पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक धरा.) उपाय सोपा आहे. दीड चौरस मिमीची वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले गोल टर्मिनल. एक टोक सेंडरच्या फ्लँजवरच, दुसरं चासीवर रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. टाकीच्या पत्र्याला वायर जोडून थांबू नका. रबरी गॅस्केट आणि रंगवलेले स्क्रू यांच्यामुळे फ्लँज टाकीपासूनही तुटलेला असू शकतो.

वायरिंग की सेंडर, हे ठरवण्यासाठी पुष्कळ जण सेंडरची वायर थेट अर्थला टेकवून बघतात. स्मिथ्स कंपनीच्या किंवा फोर्डच्या द्विधातू पट्टीच्या (तापली की वाकून काटा हलवणाऱ्या पट्टीच्या) मीटरला असं केलं की पट्टी गरजेपेक्षा तापते आणि मीटर कायमचा बिघडू शकतो. मधे १० ओहमचा रोधक जोडा आणि काटा 'पूर्ण'कडे सरकतो का ते पाहा. पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवत असतील तर टाकीला दोष देऊ नका, डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर पाहा. ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो, आणि त्याच्या पत्र्याचा अर्थ सुटला की बॅटरीचा सगळा दाब मीटरवर येतो.

उरतो आर्म. बदली टाकी मूळ टाकीपेक्षा दहा-बारा मिमीने उथळ किंवा खोल निघाली तरी दोन्ही टोकांना काटा चुकतो. रिकामी टाकी समपातळीवर ठेवा, सेंडर बसवा, पाच-पाच लिटर ओतत रोध टिपत जा. रिकाम्या बाजूचा आकडा आधी बरोबर आणा, कारण चूक झाली तर तिथेच रस्त्यात अडकायची पाळी येते. भरलेल्या बाजूला थोडा फरक राहिला तरी चालतो. आर्म वाकवताना सांध्याजवळ वाकवू नका, तारेच्या मध्यावर पकडीने वाकवा. आकडा एखाद्या पातळीवर गोठत असेल तर फ्लोट बॅफलला किंवा टाकीच्या भिंतीला अडतो आहे. आणि प्रत्येक वळणावर काटा पंख्यासारखा डोलत असेल तर नव्या टाकीत बॅफल नाहीतच, असं समजा. त्याला बाहेरून इलाज नाही.

इंजिन अडखळतं, बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतं

हीच तक्रार तीन निरनिराळ्या कारणांनी येते. कारण ओळखायचं ते कोणत्या वेळी होतं यावरून.

टाकी भरलेली असताना लवकर होतं आणि झाकण उघडलं की फुस्स आवाज येऊन गाडी सुधारते: आत हवा जात नाही. भरलेल्या टाकीत वर मोकळी जागा थोडी असते, त्यामुळे दोन-तीन लिटर पेट्रोल ओढलं तरी आतला दाब पटकन उतरतो. अर्ध्या टाकीत हेच व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून तक्रार 'कधी होते, कधी नाही' अशी वाटते. दुर्लक्ष झालं तर टाकीचा पत्रा आत ओढला जाऊन 'टण्ण' वाजतो, आणि क्षमता कमी झालेली कुणाच्या लक्षातही येत नाही.

मूळ बहुधा झाकण आणि टाकी यांच्या न जुळण्यात असतं. अमेरिकेत बाष्प-उत्सर्जनाचे नियम १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून देशभर लागू झाले. त्याआधीच्या गाड्यांत झाकणातूनच हवा जायची. नंतर झाकण बंद प्रकारचं झालं आणि टाकीला हवेच्या वेगळ्या नळ्या आल्या, त्या वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जातात. दिसायला दोन्ही टाक्या सारख्याच. जुन्या प्रकारच्या टाकीवर नंतरचं बंद झाकण लावलं की हवा कोंडते. उलट, नंतरची टाकी आधीच्या गाडीत बसवून नळ्या उघड्या ठेवल्या तर चढावर आणि वळणावर त्यांतून पेट्रोल सांडतं. त्या नळ्या एकत्र करून टाकीच्या माथ्याच्या वर नेऊन वळवा, गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह मधे घाला आणि टोक डिकीच्या बाहेर काढा. झाकण सैल ठेवून गाडी चालवणं ही चाचणी नव्हे. त्रास सुरू होताच गाडी बाजूला घ्या आणि झाकण हळूच उघडून आवाज ऐका. पेट्रोल भरताना नोझल सारखा खट्कन बंद होत असेल तर भरण्याच्या नळीशेजारची परतीच्या हवेची बारीक नळी तुंबली आहे किंवा बसवताना मुडपली आहे.

टाकी पाव राहिली की होतं, विशेषतः चढावर: पिकअप पाइपचं काम आहे. पाइपचं तोंड तळापासून साधारण १० ते १२ मिमीवर हवं. जास्त वर असेल तर तळातलं बरंच पेट्रोल कधी कामी येत नाही. तळाला टेकत असेल, किंवा तोंडावरची जाळी पत्र्यावर चपटी बसली असेल, तर चूषण अडतं आणि जोरात चालवताना इंजिन उपाशी राहतं. आणखी एक फसवा दोष म्हणजे पाइपला वर कुठेतरी, बहुधा झाळलेल्या जागी, बारीक चीर असणं. पातळी चिरेच्या वर आहे तोवर काहीच कळत नाही. पातळी खाली गेली की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. पाइप बसवण्याआधी एक टोक बोटाने बंद करून पेट्रोलमध्ये बुडवा आणि दुसऱ्या टोकाने हातपंपाने हलकी हवा सोडा. चीर बुडबुड्यांनी दिसते. व्यासही बघा: मूळ ८ मिमी असताना बदली पाइप ६ मिमीचा असेल तर शहरात गाडी ठीक चालेल, पूर्ण थ्रॉटलला मागे पडेल. परतीच्या नळीची (जादा पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या नळीची) गाडी असेल आणि नव्या टाकीला तो फाटाच नसेल तर गरम दिवसात व्हेपर लॉक होतो, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. परतीची नळी बंद करून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, फाटा असलेला सेंडर मिळवा.

पातळीशी संबंध नाही, गाडी दहा मिनिटं उभी ठेवली की बरी होते: जाळीवर कचरा ओढला जातो आणि पंप थांबला की गळून पडतो. नव्या टाकीत कचरा कुठून, असं वाटेल. वेल्डिंगचे कण, फ्लक्स, कापलेल्या पत्र्याची किस आणि गंज न लागण्यासाठी फवारलेलं तेल, हे सगळं आत असतं. बसवण्याआधी दोरीला बांधलेलं चुंबक आत फिरवा. मग दोन-तीन लिटर रॉकेल घालून टाकी सगळ्या बाजूंनी घुसळा आणि पांढऱ्या फडक्यातून गाळून काढा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. उघड्या पोलादी टाकीला पाणी लावू नका, तासाभरातच आत तांबूस थर धरतो.

गळती आणि वास

दाब-चाचणी टाकी बसवण्याआधी, कोरडी असताना करायची. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडणं मात्र टाळाच. हिशोब करून बघा: टाकीचा माथा ९० × ६० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ५,४०० चौरस सेंमी. आत फक्त ०.२ बार दाब आला तरी त्या पत्र्यावर हजार किलोच्या वर भार पडतो. टाकी फुगते आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही.

त्यापेक्षा दोनेक मीटर पारदर्शक नळी घ्या, फळीवर यू आकारात बसवा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक टाकीला जोडा आणि दुसरं उघडं ठेवा. बाकी सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करा. सायकलच्या पंपाने सावकाश हवा भरत दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५० सेंमीचा फरक आणा. हा दाब फक्त ०.०५ बार आहे, गळती दाखवायला पुरेसा. हवा जास्त झाली तर पाणी उडून जातं आणि दाब आपोआप सुटतो, टाकीला काही होत नाही. दहा मिनिटं फरक टिकला पाहिजे. इथे एक सावधगिरी: आतली हवा एका अंशाने गार झाली तरी फरक सुमारे साडेतीन सेंमीने घटतो. म्हणून टाकी सावलीत ठेवा, हात टेकवू नका, आणि पाणी जरासं हललं म्हणून घाबरण्याऐवजी शिवणीवर, नळ्यांच्या मुळाशी आणि सेंडरभोवती साबणाचा फेस लावा. शिवणीला फेस फुगला तर टाकी परत करा. कोऱ्या टाकीवर इपॉक्सी थापून काम भागवू नका.

बसवल्यानंतर गळणाऱ्या टाक्यांपैकी बहुतेक सेंडरच्या तोंडाशी गळतात, आणि तेही टाकी पूर्ण भरल्यावरच. बदली सेंडरचा फ्लँज पातळ असतो, स्क्रू आवळले की दोन स्क्रूंच्या मधला भाग उचलला जातो. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासा, कुठे घासलं गेलं नाही ते लगेच दिसेल. गॅस्केट व्हायटॉनचं किंवा इथेनॉल सोसणाऱ्या नायट्राइलचं घ्या. साधं रबर किंवा कॉर्क इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये टिकत नाही. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि गॅस्केट कडेने बाहेर फुगायला लागलं की थांबा. स्क्रूची भोकं आरपार टाकीत उघडत असतील तर पेट्रोल आट्यांमधून वर चढतं. अशा ठिकाणी प्रत्येक डोक्याखाली तांब्याचा किंवा फायबरचा वॉशर हवाच.

ड्रेन प्लगचे आटे हाताने दोन-तीन फेरे सहज चढले नाहीत तर पाना लावू नका. इंची आणि मेट्रिक आटे सुरुवातीला जुळल्यासारखे वाटतात आणि मग मरतात. पांढरी टेफ्लॉन टेप वापरू नका, तिचे तुकडे थेट जाळीत जातात. पेट्रोल सोसणारी पेस्ट लावा. फ्लेअर जोडाला (नळीचं टोक पसरवून केलेल्या जोडाला) तर काहीच लावायचं नसतं, तो आट्यांवर नाही तर मुखावर बंद होतो.

गळती दिसत नाही पण वास येतो, अशा वेळी शिवणी आणि जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पेट्रोल झिरपलं तिथे पावडर ओली होऊन गडद रेघ उमटते. कुठेच रेघ नसेल तर होज तपासा. सामान्य रबरातून पेट्रोलची वाफ आरपार जाते. एसएई जे३०आर९ दर्जाच्या होजला आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असतो, तो चालतो. पण टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्यासाठी जे३०आर१० च लागतो. आर९ चं बाहेरचं आवरण बुडून राहायला बनवलेलं नसतं. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये टाकीचा माथाच डिकीचा तळ असतो. तिथे टाकीच्या कडेखालची सीलंटची पट्टी सलग नसेल तर खालची वाफ थेट डिकीत आणि तिथून केबिनमध्ये येते.

बसवताना

रंग देण्याआधी एकदा पूर्ण ट्रायल फिटिंग करा. बीटलसारख्या गाडीत हे विशेष महत्त्वाचं: १९६७ पर्यंत पेट्रोल पुढचं बॉनेट उघडून भरायचं, १९६८ च्या मॉडेलपासून बाहेरच्या झाकणातून. त्यामुळे टाकीची मान निराळी आहे, आणि 'सगळ्या वर्षांना चालते' या शब्दावर विसंबता येत नाही. भोकं जुळत नसतील तर टाकीची कड कोरू नका, कंसाची भोकं लांबट करा. पट्ट्याखाली बंद पेशींचं रबर घाला. नमदा पाणी धरून ठेवतो आणि टाकी पुन्हा तिथूनच सडते. पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे आवळा. जास्त आवळले की पत्र्याला पोचा पडतो आणि फ्लोटची उंची बदलते. वायर आणि होज टाकी वर नेण्याआधीच जोडून घ्या, नंतर हात पोचत नाही.

बाहेरून पावडर कोटिंग करायचा विचार असेल तर आधी नळ्यांचे जोड पाहा. पावडर साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात, आणि कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासून वितळायला लागतं. सोल्डर केलेली टाकी भट्टीत गेली की जोड सुटतात. अशा टाकीला साधा रंग द्या, सेंडरचं तोंड झाकून.

आतून सीलर (पत्र्यावर लेप धरणारं द्रव) ओतण्याची घाई नको. कारखान्यातलं तेल नीट निघालं नसेल तर सीलर पापुद्र्यांनी सुटतो आणि पिकअप बंद करतो. इथेनॉलच्या पेट्रोलची खरी अडचण पाणी आहे. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सुमारे अर्धा टक्का पाणी धरून ठेवतं, म्हणजे ४० लिटरमध्ये २०० मिली. त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, तेही नेमकं पिकअपपाशी. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीत मग पांढरी भुकटी तयार होते आणि कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत पोचते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून सुकवून ठेवा. चालती असेल तर पहिल्या दोन टाक्यांपुरता टाकी आणि पंप यांच्या मधे पारदर्शक फिल्टर लावा, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. त्यात काय साठलं ते पाहा: काळे चमकदार कण दिसले तर ते वेल्डिंगचे, पांढरं दिसलं तर जस्ताचं, तांबूस दिसलं तर गंज. यातलं काही वाढत चाललेलं दिसलं तर टाकी पुन्हा उतरवून धुवावी लागेल.